अकरा आण्यांचं पीक

पिंपळडोह, १८ नोव्हेंबर १९५४

चि. सौ. कुसुम,

या कागदावरून तुझ्या बाबाचा हात तुझ्या डोक्यावर आहे असं समज.

तुझं पत्र पोस्टमननं विहिरीवरच आणून दिलं. मी मोट थांबवली. कवडू म्हणाला, "बरं झालं, बैलंही दमलेच होते. वाचा आता मोठ्यानं." मी आधी मनात वाचलं, मग त्याला वाचून दाखवलं, मग घरी येऊन तुझ्या मायला. तिनं तव्यावरची भाकर करपू दिली. आजवर माझ्यामुळे तिची भाकर कधी करपली नव्हती.

जावई हुरडा खायला येणार! लग्न होऊन दोन वर्षं झाली, वामनरावांनी उंबरा शिवला नाही. चूक माझीच होती. मंगलाष्टकं मीच रचली, मीच म्हटली, आणि शार्दूलविक्रीडितात शिरलेला माणूस मधूनच बाहेर कसा पडणार? मुहूर्त टळला. व्याही पंगतीतून उठले. तुझी माय अजूनही म्हणते, "पोरीच्या लग्नात अक्षता पडायच्या होत्या, तुम्ही पुस्तक पाडलं." तू लिहितेस की त्यांचा राग आता गेला. हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

तू लिहितेस की विहिरीच्या वावरातच बसू. अगं, दुसरीकडे बसायचं तरी कुठं? भाद्रपदानंतर आभाळानं तोंड फिरवलं ते फिरवलंच. बरडावरच्या मुरमाड माळावरची ज्वारी गुडघाभर वाढली नि उभ्याउभ्या वाळली. नदीकडच्या वावरांनीही कणीस धरलं नाही. फक्त हा माझा विहिरीचा तुकडा हिरवा आहे, तोही कवडूनं आपले बैल माझ्या मोटेला जुंपले म्हणून. निम्मा कडबा त्याचा, असं ठरलं आहे. तिथं उभा राहिलो की मला खाप्याच्या शाळेचं क्रमिक पुस्तक आठवतं. कवितेच्या वर नांगराचं चित्र असायचं आणि आम्ही पाटीवर बोटानं ताल धरायचो. त्या वावराच्या कडेला, धुऱ्यावर बसूनच तू पहिली कविता पाठ केलीस. म्हणूनच तुला तिथं बसायचं आहे, हे मला कळतं.

आणखी एक. यंदा आपल्या भागाची आणेवारी, म्हणजे पीक सोळापैकी किती आणे ते ठरवणं, वामनरावांकडे आली आहे, हे रुपराव पाटलांनी सांगितलं. पीक सहा आण्यांच्या खाली ठरलं तर सारा माफ होतो आणि बियाण्यासाठी सरकारची रोख मदत मिळते, वर गेलं तर काहीच नाही. सारं गाव त्या आकड्याकडे डोळे लावून बसलं आहे. रुपराव म्हणाले, "महादेवराव, तुमचा जवाई म्हंजे गावाचा जवाई. आपण सारे मिळून खाऊ घालू." मी त्यांना म्हटलं, जावई हुरडा खायला येऊन राहिले, कचेरी घेऊन नाही.

लवकर या.

वाट पाहणारा,
बाबा


पिंपळडोह, २ डिसेंबर १९५४

चि. कुसुम,

हुरड्याच्या आगटीची राख अजून वावरात आहे. मी ती उचलू दिली नाही. काल बाजूला बसून राहिलो तर तुझी माय म्हणाली, "राखेतून कविता निघते काय आता?"

काय दिवस होता तो! तुम्ही जीपमधून उतरलात तेव्हा गावातली अर्धी माणसं धुऱ्यावर होती. रुपरावांकडचं दही, कुणाचा गूळ, कुणाच्या गोवऱ्या. जवसाची चटणी गोपिकाबाईंनी पाठवली. बरडावरचं त्यांचं सारं पीक गेलं आहे, तरी वाटी भरून पाठवली. निवडून निवडून कणसं मी स्वतः मोडली. पाहुण्याच्या पानात चांगलं तेच पडावं, एवढं तर शाळेत न गेलेल्यालाही कळतं. गरम कणसं हातावर चोळून, फुंकर घालून, वामनरावांच्या ओंजळीत दाणे टाकताना मला वाटलं, दोन वर्षांचं सगळं फोलपट उडून गेलं.

आणि मग तू म्हणालीस, "बाबा, ती म्हणा नं. सोनगाण्याची."

मी लाजलो. ती माझीच, पंचवीस वर्षांपूर्वीची, भुजंगप्रयातातली. तू पाचवीत असताना शाळेत म्हणून दाखवली होतीस. मी उभा राहिलो नि म्हणालो:

उभे पीक माझे जसे सोनगाणे
झुले वारियासंगती दाणदाणे

वामनरावांनी टाळी वाजवली. "वा, मामंजी! पुन्हा एकदा म्हणा. आमच्या कारकुनालाही नीट ऐकू द्या." मी पुन्हा म्हटली. कारकुनानं गुडघ्यावर वही ठेवून काहीतरी उतरून घेतलं. माझी कविता कुणी उतरून घेतो आहे, हे या वयात मी पहिल्यांदाच पाहिलं. त्या कारकुनाला माझे आशीर्वाद सांग.

एक छोटी गोष्ट मनात राहून गेली आहे, ती लिहितो नि विसरतो. गोपिकाबाई धुऱ्यावर येऊन म्हणाल्या, "साहेब, माह्या वावरात चाला नं. हे काय, हाकेवर आहे." वामनराव म्हणाले, "येतो मावशी, हात धुऊन येतो." हात धुतले. मग उन्हं कलली म्हणाले नि तुम्ही जीपमध्ये बसलात. गोपिकाबाई जीप दिसेनाशी होईपर्यंत तिथंच होत्या. मी त्यांना म्हटलं, अहो, आता रस्ता माहीत झाला, पुन्हा येतील. त्या म्हणाल्या, "पयले बरडावर न्यायचं होतं भाऊ, मंग खाऊ घालायचं होतं." पाहुण्याला कुणी असं करतं काय? तूच सांग.

जाता जाता तू चिंचेचं आंबट बोटूक मागून घेतलंस, त्यावरून तुझ्या मायनं ओळखलं. मला रात्री सांगितलं. पहिलं बाळंतपण माहेरी, वैशाखात. आजपासून विहिरीवरच्या खोलीला चुन्याचा हात देतो.

आनंदात बुडालेला,
बाबा


पिंपळडोह, ११ जानेवारी १९५५

चि. कुसुम,

वामनरावांच्या कचेरीत काहीतरी चूक झाली आहे. हे पत्र मिळताच त्यांना सांग.

परवा पटवाऱ्यानं चावडीवर आणेवारी वाचली. सारं गाव जमलं होतं. रुपराव मिशीला पीळ देत माझ्या शेजारी बसले होते, जावयाचा सासरा म्हणून मला त्यांनी बाजेवर जागा दिली होती. पटवारी खाकरला नि म्हणाला, "पिंपळडोह, अकरा आणे."

कुणाला काही समजलंच नाही. कवडू म्हणाला, "सोळापैकी अकरा गेले, असं नं?" पटवारी म्हणाला, "अकरा आले. पीक अकरा आणे. सारा भरावा लागेल, मदत नाही."

मग त्यानं खालचा शेरा वाचला. सरकारी मराठी आहे, पण आपल्या साऱ्यांना कळण्यासारखी: "प्रत्यक्ष पाहणीत ज्वारीचे पीक जोमदार आढळले. गावातील वयस्क व जाणते शेतकरी श्री. महादेवराव यांनी सर्वांसमक्ष, दोन वेळा, आपले पीक सोन्यासारखे उभे असल्याचे स्वमुखाने सांगितले."

कुसुम, ती कविता होती.

मी म्हणालो, ती कविता होती. चावडीवर कुणी हसलं नाही. फक्त कवडू उठला, धोतर झटकलं नि म्हणाला, "तुह्या कवितेचे किती आणे धरले गा, महादेवराव? सहा धरले असतील तरी आमचे पाच उरतात." आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याचे बैल मोटेवर आले नाहीत. रुपराव तसे मोठ्या मनाचे, तेही म्हणाले, "जवाई तुमचा, वावर तुमचं, जीभही तुमचीच. आमचं फक्त दही होतं."

मला ठाऊक आहे, हे कारकुनाचं काम आहे. वामनराव हुशार आहेत, सही करताना वाचायचं राहिलं असेल. त्यांनी एक वेळ येऊन बरड पाहावा, इतकंच. शाळेत आमचे मास्तर म्हणायचे, चरण चुकला तर पहिल्यापासून म्हणा. तसं पहिल्यापासून करू. उत्तर लगेच लिही.

तुझा,
बाबा


पिंपळडोह, ३० जानेवारी १९५५

कुसुम,

उत्तर आलं नाही म्हणून मी स्वतः नागपूरला आलो, ते तुला ठाऊकच आहे. तरी लिहितो. तुझ्या स्वयंपाकघरात मी सगळं बोललो नाही, नि न बोललेलं कुठंतरी ठेवायला हवं.

आधी गांधीबागेत गेलो होतो. तुझ्या मायनं कुंचीसाठी मऊ कापड आणायला सांगितलं होतं. दुकानदारानं विचारलं, "नात की नातू?" मी म्हटलं, जे येईल त्याला कविता येईल. असा हसत मी तुमच्या दारात आलो.

वामनराव कचेरीला निघाले होते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, पाया पडले. मी विषय काढला तेव्हा बूट घालता घालता म्हणाले, "मामंजी, आणेवारी नजरेची गोष्ट असते. मला जे दिसलं ते लिहिलं."

"बरड नाही दिसला?"

"मला कुणी दाखवला नाही. तुम्ही तरी दाखवलात काय?"

वृत्तात असतं तर उत्तर सुचलं असतं कदाचित. ते गेले. मग तू चुलीपुढं बसलीस नि माझ्याकडं न पाहता बोललीस. ते शब्द मी जसेच्या तसे लिहितो. तुला वाटेल बाबांनी रंग भरला, नाही भरला.

"बाबा, मले ठाऊक होतं."

मी विचारलं, काय ठाऊक होतं?

"वरचे साहेब म्हणले होते, या भागात सहाच्या खाली एकही गाव निघाले नाही पाहिजे. निघालं तर याइची बढती थांबते नि दूर जंगलात कुठं तरी बदली होते. म्हणून हुरड्याचं ठरलं. विहिरीच्या वावराचं याइनंच लिवाले सांगितलं."

"आणि कविता?"

तू फुंकणी उचललीस, फुंकली नाहीस. "कवितेचं याइनं नाही सांगितलं. ते मीच. कागदावर कोणाचं तरी म्हननं पाहिजे होतं, नि मले वाटलं, तुमच्यासारखा मानूस कोण आहे? तुमच्यावर तं सारे इस्वास ठेवतात."

कुसुम, मी आयुष्यात बेइमान माणसं पाहिली नाहीत असं नाही. मालगुजारीच्या दिवसांत पाहिली, बाजारात पाहिली. पण कोणी मला "ती म्हणा नं" म्हणून नेलं नव्हतं. वामनरावांनी जे केलं ते नोकरीसाठी केलं. नोकरी माणसाला वाकवते, ते मी समजू शकतो. तू मात्र माझ्या आत हात घालून नेमकं तेच उचललंस जे तुझ्याशिवाय कुणाला सापडलं नसतं.

मी सांगितलं की गावानं वरच्या कचेरीत अर्ज दिला आहे, वरचे अधिकारी चौकशीला येणार आहेत नि मला बयान द्यायचं आहे. तेव्हा तू रडलीस. "तुम्ही बयान दिलं तं याइची नोकरी जाईल. मंग मी बाळंतपणाले येनार नाही, बाबा. कोण्या तोंडानं येऊ?"

कापड कोनाड्यात ठेवून मी निघालो. इतवारीहून छोट्या गाडीत बसलो. गाडी रुळांवर ताल धरते, लहानपणापासून मी त्या तालावर काही ना काही म्हणत आलो आहे. त्या दिवशी नुसता ताल ऐकू येत होता.

तुझ्या मायला मी काय सांगावं? ती दारातच म्हणाली, "कापड दिलं? पोरगी कशी आहे?" मी म्हटलं, बरी आहे. एवढंच सांगितलं आहे. बाकीचं सांगायला जीभ वळत नाही, आणि बयान द्यायलाही वळेल की नाही, मला ठाऊक नाही. एका पारड्यात अख्खं गाव आहे, दुसऱ्यात तू नि ते न जन्मलेलं. मी काय करीन ते मलाच कळत नाही, हे तुला सांगतो आहे, म्हणजे बघ मी अजून तुलाच सांगतो आहे.

बाबा


पिंपळडोह, २२ फेब्रुवारी १९५५

कुसुम,

तू चौकशीला येशील असं वाटलं नव्हतं. तुला जीपमधून उतरताना पाहिलं तेव्हा क्षणभर मी हरखलो. तुझं पोट आता चांगलंच दिसतं आहे. तुझी माय पदर सावरत पुढं झाली, पण तू खाली पाहत चावडीच्या ओट्यावर जाऊन बसलीस, वामनरावांच्या बाजूला.

मी रात्रभर ठरवत होतो. ठरलं नव्हतं. चौकशीच्या मोठ्या साहेबांनी माझं नाव पुकारलं नि मी उठलो, समोर गोपिकाबाई मांडी घालून बसल्या होत्या, त्यांच्या तोंडाकडं पाहिलं नि बोललो. सांगितलं की हुरडा मी दिला, विहिरीच्या एकट्या वावरातला. बाकी गाव वाळलं होतं. वामनरावांनी बरड पाहिला नाही. जे मी दोनदा म्हटलं ते पीक सांगणं नव्हतं, ती जुनी कविता होती, पंचवीस वर्षांपूर्वीच्या पिकाची.

मोठे साहेब वामनरावांकडं वळले. वामनराव शांतपणे म्हणाले, "सर, मामंजी फार भाबडे आहेत. वय झालं आहे. कविता कुठली नि खरं कुठलं, हे त्यांना हल्ली कळत नाही. वाटल्यास त्यांच्या मुलीलाच विचारा."

साहेबांनी तुला विचारलं. अदबीनं विचारलं, "बाई, तुम्ही सांगा."

तू पदराचं टोक बोटाला गुंडाळलंस नि म्हणालीस, शुद्ध शाळेतल्या मराठीत, जी मी तुला शिकवली: "बाबांना हल्ली भास होतात."

गाव माझ्यावर रागावलेलं होतं, कुसुम. कवडू महिनाभर माझ्याशी बोलला नव्हता. पण त्या वाक्यावर कुणी मान हलवली नाही. मला मात्र वाटलं, असेल. असं कुणाला आतून कळतं काय? जिला मी पहिलं अक्षर गिरवून दिलं ती म्हणते आहे, तर असेलही. साहेबांनी पेन मिटलं. मी खाली बसायला निघालो होतो.

तेवढ्यात तुझी माय उठली. बायका बसतात तिथून, मागून. आयुष्यात चावडीवर बोलली नाही ती बाई. म्हणाली, "साहेब, याइले भास होत असतील. चाळीस सालं झाली, मीच म्हनून राहिली याइले खुळे म्हनून. मले कविता समजत नाही, मले भासही होत नाही. चाला माह्या संगं. कोणतं वावर पाहता, बोला."

वामनराव म्हणाले, "मामीजी, पीक तर निघून गेलं आता—"

"काय निघालं बाप्पा? निघाले काही होतं तरी काय?" ती म्हणाली. "गोपिकाच्या वावरात जवारी अजून उभी आहे. कापाची मजुरी कोण देईल तिले? ढोरंही तोंड लावत नाही. चाला. नाही तं जवाई, तुम्हीच चाला, हात धुऊन येतो म्हणले होते नं?"

तेव्हा गाव हसलं. कवडू सर्वांत मोठ्यानं हसला.

मोठे साहेब उठले. ती पुढं, साहेब मागं, मग सारं गाव. तू ओट्यावरून उठली नाहीस. गोपिकाबाईंच्या बरडावर साहेबांनी स्वतः एक कणीस मोडलं, हातावर चोळलं नि फुंकलं. हातावर काही उरलं नाही. त्यांनी दुसरं मोडलं. मग रुमालानं हात पुसत तुझ्या मायला म्हणाले, "बस, बाई. पुरे."

परत आलो तेव्हा जीप निघण्याच्या तयारीत होती. तुझ्या मायनं तुझ्या हातात लोणच्याची बरणी दिली. ती घेतलीस. माझ्याकडं पाहिलं नाहीस, की मला तसं वाटलं? आता मला माझ्या वाटण्याची खात्री देता येत नाही. ही तुझी देणगी.

बाबा


पिंपळडोह, १९ मार्च १९५५

कुसुम,

आणेवारी पुन्हा झाली. गाव सहाच्या खाली आलं. सारा माफ झाला, बियाण्याची मदत काल चावडीवर वाटली. गोपिकाबाईंनी अंगठा उठवला, बोटाची शाई माझ्या सदऱ्याला पुसली नि म्हणाल्या, "आता तुम्हीही आमच्यातले, भाऊ." विहिरीच्या वावराला मदत नाही, ते बरोबरच आहे. कवडूचे बैल मोटेवर परत आले. तो म्हणाला, "म्हना आता काही, किती दिवस झाले." मी तोंड उघडलं. पहिला चरण येतो, दुसऱ्याला कागदावर पेन चालल्यासारखं ऐकू येतं नि मी थांबतो. हा मात्र खराच भास आहे. तेवढं तू सांगितलंस ते खरं निघालं.

वामनरावांची बढती थांबली नि बदली झाली, असं पटवाऱ्याकडून कळलं. नोकरी राहिली. मला समाधान वाटलं की वाईट, हे शोधत बसलो नाही.

तू पत्र लिहिलं आहेस, मायच्या नावानं. पहिल्यांदाच माझं नाव वर नाही. वाचून मीच दाखवलं, तिला कुठं वाचता येतं? तू विचारलं आहेस, येऊ काय. तिनं तुझं वाक्य संपायच्या आत "ये म्हना" म्हटलं. मीही लिहितो, ये. बाळंतपण इथंच होईल. खोली तयार आहे.

रागावलो नाही असं लिहिणार होतो. खोटं झालं असतं, नि आता माझ्या नावावर आणखी एक खोटं मला नको.

तुझी माय म्हणते, तिन्हीसांजेला नदीकडच्या वाटेनं आण, म्हणजे कुणाच्या नजरेला पडायला नको, पोर अवघडलेली आहे. मी नाही म्हणालो. मोटरीतून उतरलीस की गावातून ये, दिवसाढवळ्या. कवडूची छकडी उभी राहील, तीत बसून ये. वाटेत रुपरावांचा ओटा आहे, चावडी आहे, गोपिकाबाईंचं दार आहे. छकडी सगळीकडं थांबेल, कारण माहेरवाशिणीची छकडी गावात थांबवतातच. कुणी ना कुणी विचारील, बाबांचे भास कसे आहेत. त्याचं काहीतरी उत्तर तुला द्यावं लागेल.

ते उत्तर मी लिहून पाठवत नाही. तुला पाठ करून देणं पुरे झालं.

मी सामोरा येणार नाही. आपल्या दारात उभा असेन. छकडी घरापर्यंत आली तर तुझा हात धरून उतरवीन.

शुद्धीवर असलेला,
तुझा बाबा